उंच इमारत पाहायला जागाही हवी

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नागपुरात उंच इमारती वाढत आहेत आणि त्यांच्याविषयी वाचकांच्या पत्रांत जे छापून येते त्यात पाण्याचा दाब, पार्किंग, अग्निशमन दलाच्या शिडीची पोहोच आणि नाहीशी होत चाललेली मैदाने हेच विषय प्रामुख्याने असतात. ते असायलाच हवेत. मात्र या चर्चेत उंच इमारतीशी संबंधित दोनच पक्ष गृहीत धरलेले दिसतात: एक तिच्यात राहणारा आणि दुसरा तिचा त्रास सोसणारा. रस्त्यावर उभा राहून तिच्याकडे नुसता पाहणारा असा तिसराही एक पक्ष आहे. त्याच्या वतीने, थोड्या विस्ताराने, हे पत्र लिहीत आहे.

मी निवृत्त गणित शिक्षिका आहे आणि मला उंचीची भीती वाटते. संक्रांतीला आमच्या फ्लॅटस्कीमच्या गच्चीवर सगळी मंडळी जमतात, आकाश पतंगांनी भरून जाते, चहूबाजूंनी ‘ओ काट’च्या आरोळ्या उठतात आणि मी पाण्याच्या टाकीला पाठ टेकवून, गच्चीच्या मधोमध, हातात चक्री धरून बसलेली असते. कठड्याजवळ जायचे म्हटले की तळपायांना घाम फुटतो, पोटऱ्यांतले बळ जाते आणि कठडा आहे त्याहून बुटका वाटू लागतो. दुसरे कोणी कठड्यावरून वाकून अडकलेला पतंग सोडवू लागले तरी माझ्या पायांत तीच कळ जाते. असे असूनही उंच इमारतीसमोरून जाताना मान वर केल्यावाचून मला राहवत नाही. परांचीत गुंडाळलेली अर्धी इमारत, तिच्या डोक्यावरची क्रेन, ओळीने चढत गेलेले सज्जे आणि संध्याकाळी वरच्या चारदोन मजल्यांवरच उरलेले ऊन पाहत मी भाजीची पिशवी हातात धरून कितीही वेळ उभी राहू शकते.

ज्याची भीती त्याचेच वेड कसे, असा प्रश्न घरात अनेकदा विचारला जातो. त्याचे उत्तर मला दहावीच्या भूमितीत सापडते. जमिनीवरच्या निरीक्षकाने इमारतीच्या माथ्याकडे पाहिले तर त्याची दृष्टिरेषा क्षितिजसमांतर रेषेशी उन्नत कोन करते, आणि माथ्यावरच्या निरीक्षकाने जमिनीवरच्याकडे पाहिले तर अवनत कोन होतो. दोन्ही ठिकाणच्या क्षितिजसमांतर रेषा एकमेकींना समांतर असल्यामुळे हे दोन व्युत्क्रम कोन एकरूप असतात, हे मी मुलांना फळ्यावर वर्षानुवर्षे सिद्ध करून दाखवले आहे. म्हणजे रेषा एकच आणि कोनही तेवढाच. तिच्या खालच्या टोकाशी मला आनंद होतो आणि वरच्या टोकाशी धडकी भरते, यात भूमितीला काही वावगे वाटणार नाही. मग माणसांना का वाटावे, हे मला उमगलेले नाही.

शरीराला मात्र ही दोन टोके सारखी नसतात आणि त्याची कारणे आता बऱ्यापैकी समजलेली आहेत. आपण सरळ उभे राहतो ते डोळे, अंतर्कर्णातील तोलाचे इंद्रिय आणि तळपाय-सांध्यांतून येणाऱ्या जाणिवा या तिघांच्या एकत्रित साक्षीवर. उभे असतानाही शरीर सतत किंचित डोलत असते आणि जवळच्या भिंती, खांब, माणसे यांच्या तुलनेत डोळा ते डोलणे टिपून दुरुस्त करत असतो. उंच कड्यावर किंवा गच्चीच्या टोकाशी डोळ्यांसमोरच्या साऱ्या स्थिर वस्तू फार दूर गेलेल्या असतात, त्यामुळे डोळ्याची साक्ष दुबळी पडते, डोलणे वाढते आणि ते वाढल्याची जाणीव झाली की भीतीही वाढते. जर्मनीत झालेल्या एका मोठ्या पाहणीत सुमारे २८ टक्के प्रौढांनी उंचावरून पाहताना कधी ना कधी असे अस्वस्थ झाल्याचे सांगितले होते. भीतीने जगणेच अडून बसावे असे लोक याहून पुष्कळ कमी असतात, तरीही एकूण आकडा लहान नाही. आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेतील चौथा माणूस या वर्गातला असू शकतो. तो बोलत नाही, कारण बोलला की हसतात.

यावर उपचार आहेत आणि ते चांगले आहेत. थोर जर्मन कवी गटे यांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की, विद्यार्थिदशेत स्ट्रासबुर्गला असताना ते तेथील कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर मुद्दाम पुन:पुन्हा चढले आणि अगदी अरुंद फळीवर उभे राहून राहून त्यांनी ही भीती घालवली. आजचे मानसोपचारतज्ज्ञही तत्त्वत: हेच करतात, फक्त पायरीपायरीने आणि सुरक्षितपणे. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१८ मध्ये उंचीची भीती असलेल्या १०० जणांवर एक चाचणी केली. तीत ज्यांना आभासी दृश्यांच्या यंत्राद्वारे उपचार मिळाले त्यांची भीती सरासरी दोन तृतीयांशांनी कमी झाली. ज्यांना नोकरीसाठी किंवा घरासाठी वर जावेच लागते त्यांनी हा मार्ग जरूर धरावा. माझ्यापुरते सांगायचे तर उद्या भीती गेली तरी माझी उभी राहण्याची जागा बदलेल असे वाटत नाही, कारण इमारत जशी खालून दिसते तशी ती तिच्या गच्चीवरून दिसतच नाही. गच्चीवरून दिसते ते बाकीचे शहर.

उंची कळण्यासाठी वर चढावेच लागते, हा समज तर आपल्या विदर्भाने तरी सोडून द्यायला हवा. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ १८०२ मध्ये मद्रासजवळ करणारे विल्यम लॅम्बटन यांचा अंत १८२३ मध्ये हिंगणघाटला झाला. ते तेव्हा नागपूरकडेच निघाले होते. आपल्या शहरातील झीरो माइलचा वालुकाश्माचा स्तंभ ही त्याच सर्वेक्षणाच्या परंपरेची खूण आहे. या लोकांना चढावे लागत नव्हते असे नाही. १८०८ मध्ये तंजावरच्या मंदिराच्या शिखरावर सुमारे अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, दोरांनी चढवताना दोर निसटला आणि ते यंत्र भिंतीवर आपटून निकामी झाले; लॅम्बटन यांनी ते कित्येक आठवडे खपून स्वत: दुरुस्त केले. पण त्यांचे खरे बळ चढण्यात नव्हते, कोन आणि अंतर मोजण्यात होते. जगातील सर्वोच्च शिखराची उंची मैदानातून, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावरून घेतलेल्या कोनांवरून ठरली, त्यामागच्या आकडेमोडीत राधानाथ सिकदार या बंगाली गणितज्ञाचा मोठा वाटा होता, आणि १८५६ मध्ये ती २९,००२ फूट म्हणून जाहीर झाली. त्या माथ्यावर माणसाचे पाऊल पडायला १९५३ साल उजाडले. तोवर जवळजवळ शंभर वर्षे ते शिखर फक्त खालून पाहणाऱ्यांचे होते आणि त्यांनी ते काही फुटांच्या फरकाने बरोबर ओळखले होते.

आमच्या शाळेत मुले हेच वस्तीतल्या जलकुंभावर करत. कोनमापकाच्या सरळ कडेला शीतपेयाची नळी चिकटवायची, मध्यबिंदूतून दोरा ओवून त्याला एक नट बांधायचा, नळीतून जलकुंभाच्या कडेकडे पाहायचे आणि शेजारच्याने दोरा कोणत्या अंशावर स्थिरावला ते वाचून त्याचा ९० अंशांपासूनचा फरक, म्हणजे उन्नत कोन, काढायचा. वाऱ्याने दोरा हलला की भांडण ठरलेले. मग जलकुंभापर्यंतचे अंतर टेपने मोजून, कोनाच्या टॅनने गुणून, त्यात पाहणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवली की उत्तर येई. ती शेवटची मिळवणी बहुतेक मुले विसरत आणि बुटकी मुले ती विसरली तर चूक कमी होते, असा युक्तिवादही एकदा ऐकायला मिळाला होता, जो गणिताने पूर्णपणे बरोबर आहे.

उंच इमारतींचा इतिहासही वर चढणाऱ्यांइतकाच, किंबहुना अधिक, खाली बसून विचार करणाऱ्यांनी घडवला. न्यूयॉर्कमध्ये १८५४ साली एलिशा ओटिस यांनी उंच उचललेल्या फलाटावर स्वत: उभे राहून दोर तोडायला लावला आणि त्यांच्या सुरक्षा-ब्रेकने फलाट जागच्या जागी धरून ठेवला. लिफ्टवर लोकांचा विश्वास बसला तेव्हा कुठे, सर्वांत वरचे म्हणून स्वस्त असलेले मजले सर्वांत महाग होऊ लागले. शिकागोत १८८५ मध्ये लोखंड-पोलादाच्या सांगाड्यावर उभी राहिलेली दहा मजल्यांची होम इन्शुरन्स इमारत पुढच्या साऱ्या गगनचुंबी इमारतींची पूर्वज मानली जाते. मला सर्वाधिक आदर वाटतो तो १९२९ साली ढाक्यात जन्मलेल्या फझलुर रहमान खान या स्थापत्य अभियंत्याविषयी. फार उंच इमारतीचा खरा वैरी तिचे वजन नसून वारा असतो, हे ध्यानात घेऊन त्यांनी संपूर्ण इमारतच जमिनीत रोवलेल्या पोकळ नळीसारखी वागेल अशी रचना पुढे आणली. आतल्या खांबांच्या जंगलाऐवजी बाहेरचा सांगाडा वाऱ्याशी झुंजू लागला. शिकागोतील जॉन हॅन्कॉक सेंटर या १९६९ साली उभ्या राहिलेल्या शंभर मजली इमारतीच्या दर्शनी भागावर फुल्यांसारख्या ज्या अजस्र तिरप्या तुळया दिसतात त्या नक्षी नाहीत, वारा आणि वजन जमिनीपर्यंत पोहोचण्याची ती वाट आहे. ही वाट रस्त्यावर उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. आत, वरच्या मजल्यावरील सोफ्यावर बसलेल्याला खिडकीतून आडवी गेलेली एक जाड तुळई तेवढी दिसते.

त्याच खान यांच्या विचारातून शिकागोचा सिअर्स टॉवर उभा राहिला, नऊ चौकोनी नळ्यांची मोळी बांधून त्या वेगवेगळ्या उंचीवर थांबवलेला. ४४२ मीटर उंचीचा हा मनोरा १९९८ पर्यंत जगातील सर्वांत उंच इमारत होता. आज मात्र पर्यटक तिथे जातात ते प्रामुख्याने १०३व्या मजल्यावर भिंतीबाहेर काढलेल्या काचेच्या खोक्यांत उभे राहून पायांखाली पाहण्यासाठी. नऊ नळ्यांची ती कल्पना बाजूला राहिली आणि पायांखालची काच प्रसिद्ध झाली. या काचेच्या फॅशनविषयी माझे मत फारसे चांगले नाही. उंचीचा अनुभव म्हणजे घाबरण्याचा अनुभव, असे समीकरण त्यातून रूढ होते आणि ज्याला घाबरायचे नाही त्याच्यासाठी जागाच उरत नाही. उलट तैवानमधील ५०८ मीटर उंच तायपेई १०१ या इमारतीत, वादळात इमारतीचे डोलणे कमी करण्यासाठी वरच्या मजल्यांच्या मधल्या पोकळीत ६६० टनांचा पोलादी गोळा टांगलेला आहे आणि तो पाहुण्यांना जवळून पाहू दिला जातो. बाहेरच्या खोल दरीकडे पाठ करून, आत तोंड करून, इमारत वाऱ्याशी कशी वागते हे पाहण्याची ही सोय भित्र्यांसाठी केली नसेलही, पण ती त्यांच्या कामाची आहे.

आपल्याकडेही काच येते आहे. शहरातील एका मॉलमध्ये साधी लिफ्ट सामानासाठी राखून ग्राहकांसाठी केवळ चहूबाजूंनी काचेची कॅप्सूल लिफ्ट ठेवलेली होती. मी थबकले तेव्हा तेथील मुलाने अगदी आपुलकीने ‘काकू, डोळे मिटून घ्या’ असे सांगितले. वर म्हटल्याप्रमाणे, डोळ्यांची साक्षच काढून घेतली तर तोल सावरणे अधिक कठीण होते, पण हे त्याला लिफ्टच्या दारात समजावून सांगणे शक्य नव्हते. मी सरकत्या जिन्याने गेले.

आता नागपूरकडे वळते. उंच इमारत पूर्णपणे दिसावी यासाठी पाहणाऱ्याने किती अंतरावर असावे, याचा एक जुना ठोकताळा नगररचनाकार वापरतात: इमारतीच्या उंचीइतक्या अंतरावरून तिचे बारकावे दिसतात आणि दुप्पट अंतरावरून, म्हणजे सुमारे २७ अंशांच्या उन्नत कोनात, ती मान फारशी न उचलता अखंड दिसते. हा हिशेब बुर्ज खलिफाला लावला तर ८२८ मीटरच्या त्या मनोऱ्यासाठी दीड किलोमीटरहून अधिक मागे जावे लागेल. आपल्याला इतके जावे लागणार नाही. वीस मजल्यांची, साधारण ६० मीटर उंचीची इमारत सुखाने पाहायला १२० मीटर पुरतात. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी आपण तिच्यापासून १८ मीटरवर, समोरच्या फुटपाथवर असतो, तेथून उन्नत कोन सुमारे ७३ अंशांचा होतो, आणि तेवढी मान वर करेपर्यंत मागून हॉर्न वाजलेला असतो.

पाहायला जागा असली की काय होते हे पाहायचे असेल तर दीक्षाभूमीवर जावे. तिथला स्तूप १२० फूट उंच आणि तेवढ्याच व्यासाचा आहे. आजच्या मापाने तो काही फार उंच म्हणता येणार नाही. पण भोवतीच्या मोकळ्या प्रांगणामुळे दोनशे-अडीचशे फुटांवरून त्याचा अखंड घुमट नजरेत मावतो आणि शहरातल्या कितीतरी अधिक उंच टॉवरांपेक्षा तो मोठा वाटतो. पोकळ घुमटाच्या आत उभे राहून वर पाहतानाही पायांखाली भक्कम जमीन असते, हा माझ्यासारखीला मिळणारा जास्तीचा लाभ. मुंबईला अशी जागा समुद्राने दिली. मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर बसून शहराचे टॉवर दिसतात ते पुढ्यातल्या पाण्यामुळे. आपल्याकडे समुद्र नाही, पण कस्तुरचंद पार्क आहे. त्या मैदानाच्या मध्यावर उभे राहिले की भोवतीच्या इमारती पायथ्यापासून माथ्यापर्यंत दिसतात. पहिल्या पावसाने धूळ बसल्यावर किंवा डिसेंबरातल्या सकाळी त्या पाहाव्यात. मे महिन्याची शिफारस मी करणार नाही.

वर्धा मार्गावरचा ३.१४ किलोमीटरचा दुमजली पूल, ज्याच्या खाली रस्ता, मध्ये उड्डाणपूल आणि वर मेट्रो आहे, त्याचा जागतिक विक्रम २०२२ मध्ये नोंदवला गेला आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मेट्रोतून जाताना मी मधल्या बाजूच्या आसनावर बसून दूर क्षितिजाकडे पाहते, तेव्हा काही होत नाही. पण हा पूल आपण बांधला कसा हे त्याखालून जाणाऱ्याला पाहायचे असेल तर त्याने नेमके कुठे थांबावे? गड्डीगोदाम येथे रस्ता, रेल्वे, उड्डाणपूल आणि मेट्रो असे चार स्तर एकावर एक आलेले आहेत. ते बाहेरगावच्या पाहुण्यांना दाखवायला न्यावे तर सुखाने उभे राहायला जागा शोधावी लागते.

यासाठी महानगरपालिका, नागपूर सुधार प्रन्यास आणि शहरातील वास्तुविशारद यांच्याकडे माझे काही मागणे आहे. उंच इमारतीसमोर सोडावे लागणारे सामासिक अंतर कागदावर असते, पण प्रत्यक्षात तिथे जनरेटर, सुरक्षारक्षकाची केबिन, तळघराचा उतार आणि होर्डिंगचे खांब येतात. निदान चौकातल्या भूखंडांवर तरी हे अंतर रस्त्याच्या बाजूने मोकळे, सावलीचे आणि एखादे बाक असलेले असावे, अशी अट मंजुरीच्या वेळीच घालता येईल. जिथे लोकांसाठी वर गच्ची किंवा प्रेक्षकसज्जा खुला केला जाईल तिथे कठड्याचा खालचा भाग भरीव ठेवावा आणि आतल्या भिंतीला लागून बसण्याची जागा करावी. बांधकाम नियमांना अपेक्षित असलेली कठड्याची साधारण एक मीटर उंची माणसाच्या कमरेच्या जरा वर येते. पडण्यापासून ती वाचवते, धीर मात्र देत नाही. मुंबईत १९८३ साली पूर्ण झालेल्या कांचनजंगा इमारतीत चार्ल्स कोरिया यांनी जुन्या बंगल्याच्या व्हरांड्यासारखे खोल, दुमजली उंचीचे सज्जे आत ओढून घेतले आणि घर व कडा यांच्यामध्ये अंतर ठेवले. नागपूरच्या उन्हाला तर असा खोल सज्जा अधिकच उपयोगी पडेल, आणि त्याच्या आतल्या कोपऱ्यात खुर्ची टाकून माझ्यासारखी व्यक्तीही पंधराव्या मजल्यावर चहा पिऊ शकेल. काचेची लिफ्ट बसवणाऱ्यांनी शेजारची साधी लिफ्टही माणसांसाठी चालू ठेवावी, यात तर काही खर्चही नाही.

शेवटची विनंती कस्तुरचंद पार्कविषयी आहे. या मैदानाभोवती कोणतीही नवी उंच इमारत मंजूर करण्यापूर्वी ती मैदानाच्या मध्यावरून, उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून कशी दिसेल याचे प्रमाणबद्ध चित्र नकाशांसोबत नागरिकांसाठी लावले जावे आणि त्यावर हरकती व सूचना मागवल्या जाव्यात. चित्रात अंतर व उन्नत कोन दिलेले असावेत. ते तपासून पाहण्याचे काम मी विनामोबदला करीन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त गणित शिक्षिका
धरमपेठ, नागपूर